राखेच्या पाण्यातला गॅस

मनोहर,

काल तुझी तेरवी झाली. पंगतीत लोक तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. कोणी म्हणालं, मास्तर सरळ माणूस होता. कोणी म्हणालं, त्याच्या तोंडून कधी खोटं निघालं नाही. मी भाताची परात घेऊन वाढत होते आणि ऐकत होते. वाटलं, परात तिथंच खाली ठेवावी आणि विचारावं, त्या सरळपणाची तुम्ही काय गत केली ते आठवतं का कोणाला? विचारलं नाही. वाढत राहिले. तू असतास तर म्हणाला असतास, "जेवू दे ना बाई त्यांना."

आज घर रिकामं झालं. हे दुकानात जाऊन बसलेत. तुला ठाऊकच आहे, दुकानात आता सोडा मिळत नाही, विड्या आणि काड्यापेट्या मिळतात. तू गेल्यापासून घरात सारखी माणसं होती. तुझ्याशी बोलायला मला आत्ता उसंत मिळाली आहे.

नागपूरच्या कॉलेजात सायन्स शिकून तू परत आलास आणि नोकरी मिळेना, तेव्हापासून सांगते. आपल्या गावी, मुर्रीला, बाबांच्या धानाच्या बांधीत तू रोवणीला उतरलास. बाबा मला म्हणाले होते, "याचं कामात ध्यान नाही पोरी. सारे रोवतात, अन् हा चिखलातून बुडबुडे काऊन येतात ते पाहत उभा राहतो." मग त्यांनीच तुला इथं गोंदियाला, बहिणीच्या घरी धाडलं. गावात राहून काही काम तरी पाहील म्हणून.

आमच्याकडे तरी कुठे काम होतं? लढाई चालू होती. यांचा सोडावाटरचा कारखाना, म्हणजे स्टेशनच्या रस्त्यावरची ती पत्र्याची पडवी, बंद पडून होता. सासऱ्यांच्या वेळी संगमरवराच्या चुऱ्यावर तेजाब ओतून गॅस करायचे. पुढे तो कलकत्त्याहून लोखंडी नळकांड्यांत भरून यायला लागला. लढाईत तेजाबही मिळेना आणि नळकांडीही येईनात. हाताने चाक फिरवायचं मशीन होतं, गोळीच्या बाटल्या होत्या, विहिरीचं गोड पाणी होतं, आणि पाण्यात भरायला गॅस नव्हता. हे दिवसभर रिकाम्या बाटल्या पुसत बसायचे. त्यांना तसं पाहणं मला जड जायचं.

त्या सकाळी मी अंगणात कपडे भिजवत होते. साबण दिसेनासा झाला होता, म्हणून चुलीची राख पाण्यात कालवून, निवळ वर आली की तीच वापरत होते. तू ओसरीवर बसून भिंतीपलीकडच्या राइस मिलच्या धुराड्याकडे पाहत होतास. बराच वेळ. मग म्हणालास, "बाई, भाऊजींचा गॅस वर जाऊन राहिला."

मी म्हटलं, "सकाळी सकाळी चढली का तुला?"

तू हसलास नाहीस. खाली उतरलास, माझ्या घमेल्यापाशी उकिडवा बसलास, आणि मला समजावून सांगितलंस. कोळसा जळो, लाकूड जळो, भुसा जळो, जळताना सोड्यातला तोच गॅस तयार होतो. पण धुरात तो थोडा असतो, बाकी सगळी हवा. दोन्ही वेगळे करायचे कसे, एवढाच प्रश्न. मग तू माझ्या राखेच्या पाण्यात बोट बुडवून दाखवलंस. म्हणालास, "हे पाणी त्याला धरते. हवेला धरत नाही, फक्त त्याला. अन् तापवलं की सोडून देते. पाणी परत जसंच्या तसं."

"मग पुन्हा धरते?"

"पुन्हा धरते. पुन्हा सोडते. कितीदाही."

तुझा चेहरा तेव्हा कसा झाला होता, ते मला इथं लिहिता येणार नाही. लग्न ठरलेल्या पोरांचेही तसे होत नाहीत. मला गॅसमधलं अर्धंच कळलं. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदा तू जेवताना दुसऱ्यांदा भात मागितलास, ते मात्र मी पाहिलं.

पुढचे महिने आमच्या पडवीत काय पसारा होता! मिलवाल्याने हसतहसत परवानगी दिली. धूर तर फुकटच जात होता. धुराड्याच्या बुडातून तू एक नळ भिंतीपलीकडून आमच्याकडे आणलास. लोहाराकडून हाताने फिरवायचा पंखा आणलास. धूर आधी गार पाण्याच्या पिंपातून न्यायचा, म्हणजे काजळी खाली बसते. मग डांबराची तीन रिकामी पिंपं तळ काढून एकावर एक चढवली, त्यात छपरावरच्या फुटक्या कवेलूंचे तुकडे भरले. वरून राखेचं पाणी झिरपत खाली यायचं, खालून धूर वर जायचा. कवेलू कशाला, म्हणून मी विचारलं, तर म्हणालास, पाणी आणि धूर यांना एकमेकांना भेटायला जागा पाहिजे. खाली जमलेलं पाणी बंद हंड्यात तापवायचं, आणि त्यातून निघालेला गॅस पाण्याच्या टाक्यात पालथ्या घातलेल्या पिंपाखाली साठवायचा. तापवून उरलेलं पाणी गार करून पुन्हा वर चढवायचं.

राख मात्र आम्ही बायकांनी पुरवली. शेजारणी मला विचारायच्या, एवढी राख घेऊन काय सोनं घासतेस का? मी पळसाची, तेंदूची, मिळेल त्या लाकडाची राख माठांत घालून पाणी गाळायचे, तू ते आटवायचास. माझे हात त्या पाण्याने सोलून निघाले होते. तू कुठून तरी एरंडीचं तेल आणलंस आणि माझ्यापुढे ठेवलंस. हे सांगायचं राहून गेलं होतं मनोहर, ते तेल मी जपून वापरलं.

किती दिवस ते पालथं पिंप हललं नाही. कधी नळाला भेग, कधी हंड्याच्या झाकणातून गळती. हे सुरुवातीला तुझ्याबरोबर राबायचे, मग गप्प झाले. त्यांना वाटायला लागलं होतं की शिकलेल्या मेहुण्याने आपल्या पडवीत भंगार भरलं. आणि मग एका दुपारी पंखा फिरवणारा दुखरू, जो तुला शिकलेला म्हणून तेव्हापासूनच मास्टर म्हणायचा, ओरडला, "मास्टर, पीपा उठत हे!" मी पोळपाट टाकून धावले. ते पालथं पिंप पाण्यातून हळूहळू वर येत होतं, जसं कोणी खालून हात लावून उचलतंय. हे तिथंच खाली बसले. तू पिंपाला हात लावलास आणि लगेच काढून घेतलास, जणू ते भाजेल.

पहिली बाटली मात्र थुंकून टाकावी लागली. धुराचा वास येत होता. तू हिरमुसलास नाहीस. मधल्या नळाला एक पेटी जोडलीस, तिच्यात कुटलेला कोळसा भरलास, आणि वास गेला. दुसऱ्या दिवशीची बाटली यांनी मला दिली. मी डोळे मिटून प्यायले. नाकात झिणझिण्या आल्या. जुन्यासारखाच सोडा. मी डोळे उघडले तर तुम्ही दोघं माझ्या तोंडाकडे पाहत होतात.

तो उन्हाळा किती चांगला गेला! स्टेशनवर आमच्या पेट्या जायच्या. पलटणीच्या गाड्या थांबल्या की बाटल्या पुरायच्या नाहीत. लग्नांच्या मागण्या आल्या. हे तुला सगळ्यांपुढे "आमचे साइंटिस्ट" म्हणायचे आणि तू लाजून पाण्याचा नळ तपासायला निघून जायचास. आम्ही तुझ्यासाठी मुलगी पाहायला लागलो होतो. हे तुला माहीत नव्हतं.

आणि मग तो कापडाचा सेठ आला.

मी पडद्यामागे होते, मला एकेक शब्द ऐकू आला. सेठने बाटली संपवली, ढेकर दिली आणि चांगल्या मनाने विचारलं, "मास्टर, लड़ाई में कुछ आता नहीं, तुम गैस कहाँ से लाते हो?"

तू म्हणालास, "मिल के धुएँ से."

सेठ खो खो हसला. "धुएँ से! फिर तो मरघट के धुएँ से भी निकल आएगी?"

स्मशानाच्या धुराचं त्याने थट्टेतच विचारलं होतं. तुलाही हसून सोडून देता आलं असतं. पण तू थोडा विचार केलास, वर्गात पोराच्या प्रश्नावर करावा तसा, आणि म्हणालास, "निकलेगी. गैस तो वही है."

सेठ हसायचा थांबला. त्याने बाटलीकडे पाहिलं आणि ती फळीवर ठेवून दिली.

आठवडाही गेला नसेल, बाजारात आपल्या सोड्याला नाव पडलं. मरघट सोडा. कोणी सांगे, मास्तरला नदीवरच्या मसणात पोती घेऊन जाताना पाहिलं. कोणी सांगे, राख तिकडूनच येते, म्हणून तर फुकट आहे. आधी बाटल्या रिकाम्या परत यायच्या. आता भरलेल्या परत यायला लागल्या, गोळी गळ्यात तशीच अडकलेली. एका लग्नघरातून सगळ्या पेट्या परत आल्या आणि वर गोमूत्र शिंपडलेलं होतं. विहिरीवर बायका माझ्या घागरीला घागर लागू देईनात. ज्या शेजारणींनी स्वतःच्या चुलीतली राख मला टोपल्या भरून दिली होती, त्याही.

मी तुला म्हटलं, "जा, चौकात उभा राहा अन् सांग की मी मस्करी केली होती."

"मी मस्करी नव्हती केली."

"मग सांग की कलकत्त्याहून नळकांडी आली. सांग की राख माझ्या घरची आहे. काहीतरी सांग!"

"राख तुझ्या घरची आहे हे त्यांना माहीत आहे बाई. त्यांनीच दिली. जे त्यांना माहीत आहे ते मी कायले सांगू?"

मला तुझा फार राग आला होता, पण शेवटी तोंड उघडलं ते यांनी. हे म्हणाले, "मनोहर, खरं बोलायला तुझं काही गेलं नाही. दुकान माझं गेलं."

तू मान खाली घातलीस. दुसऱ्या दिवशी तू नळाची तोटी उघडलीस आणि ते सगळं पाणी, महिनोन्महिने आटवलेलं, तेच ते पुन्हा पुन्हा वापरलेलं, नालीत वाहून जाऊ दिलंस. हे दारात उभे होते. थांब म्हणाले नाहीत. त्यांनी एक शब्द काढला असता तर तू थांबला असतास, असं मला वाटतं. त्यांनाही तसंच वाटत असेल. आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही.

मग केशोरीच्या शाळेत जागा निघाली आणि तू गेलास. इतक्या दूर, तिथं जंगल आणि धान आणि ताप, त्याखेरीज काय आहे? छोट्या गाडीने अर्जुनीपर्यंत, पुढे बैलांची बंडी. दिवाळीला यायचास. येताना कधी जवसाची, कधी मोहफुलांची पिशवी आणायचास. यांच्याशी तुझं बोलणं "पाऊस कसा आहे" आणि "धान कसं आहे" एवढंच. मला भेटून बरं वाटायचं, पण घटकाभरात आपलं तेच भांडण निघायचं. तू म्हणायचास, "सोडा खराब झाला नव्हता बाई. लोकांनी पिणं सोडलं." मी म्हणायचे, "विकायच्या वस्तूचं तेच रे खराब होणं." तू म्हणायचास, "नाही. दोन्ही निराळं आहे." मग मी भांडी घासायला उठायचे आणि तू भांडी विसळू लागायचास. शेवटच्या दिवाळीलाही ते तिथंच राहिलं.

या वर्षी भादवा संपता संपता तुला बंडीत घालून अर्जुनीला आणलं आणि तिथून गाडीने इकडे. केशोरीचे दोघं जण पोचवायला आले होते. तुला ओसरीवर उतरवलं तेव्हा मी तुला ओळखलं नाही. डोळे पिवळे, हातापायांच्या काड्या. डॉक्टर म्हणाले, हिवताप फार मुरला आहे, आधी आणायला हवं होतं. कुनैन पोटात ठरत नव्हतं. पेज ठरत नव्हती. तू थंडीने खाट हलवायचास आणि मी तुझ्यावर सगळ्या वाकळा घालून वर स्वतः पडायचे, लहानपणी मुर्रीला पडायचे तशी.

एका सकाळी ताप उतरला होता. तू स्पष्ट म्हणालास, "बाई, सोडा आहे का ग? तोंड कडू झालं."

हे दाराशी उभे होते. त्यांनी चपला घातल्या आणि उन्हात निघून गेले. गावात आता एकच सोडावाटरवाला आहे, त्याच्या दारात पाय ठेवायचा नाही असं यांनी इतकी वर्षं पाळलं होतं. तिथून दोन बाटल्या घेऊन आले. अंगठ्याने गोळी त्यांनीच आत दाबली, पेल्यात ओतलं, तुझ्या मानेखाली हात घालून तुला पाजलं. तू घोट घोट घेतलास. मला वाटलं आता काय बोलतोस. तू म्हणालास, "भाऊजी, चांगला आहे. याचा गॅस भरपूर आहे."

हे म्हणाले, "आपला जास्त होता."

एवढंच. तू हसलास. त्या सकाळी तुझ्या पोटात ते ठरलं. मी वेडी, मनात म्हटलं, आता हा बरा होतो. दुपारनंतर पुन्हा हुडहुडी भरली आणि दुसऱ्या दिवशी ऊन कलायच्या आत तू गेलास. शेवटी तुला आमच्यापैकी कोणी ओळखू येत नव्हतं. तू एकसारखं कोणाला तरी "पंखा हळू फिरव, हळू" म्हणत होतास. मी म्हटलं, "फिरवते हळू." तुला ऐकू आलं की नाही, कोण जाणे.

बाबा आता राहिले नाहीत, तुला मूलबाळ नाही. अग्नी यांनी दिला. नदीवरून परत आले तेव्हा ओल्या धोतरानेच अंगणात बसून राहिले. मी पाणी दिलं ते घेतलं नाही. मग म्हणाले, "सेठ आला होता. त्याने खांदा दिला. सगळ्यांत जास्त वेळ."

मला त्या सेठचा द्वेष करायचा होता, निदान आणखी काही वर्षं. तेही तुझ्यापायी नीट जमेना. तू असतास तर त्याला चहा विचारला असतास.

तुझ्यावर माझा राग आहे, मनोहर. अजून आहे. जगात लोक रोज शंभर गोष्टी हसण्यावारी नेतात आणि त्यांच्या चुली पेटत्या राहतात. तुला ती एक नेता आली नाही. नेली असतीस तर तू इथंच राहिला असतास, केशोरीचे मच्छर तुला चावले नसते, आणि आज मी तुझ्या पोरांना न्हाऊमाखू घालत असते. हे मी तुला तुझ्या खाटेपाशी बसून सांगणार होते, बरा झालास की. आणि त्यासोबत हेही सांगणार होते की पिंप वर आलं त्या दुपारी मी जितकी आनंदात होते, तितकी माझ्या लग्नातही नव्हते. दोन्ही सांगायचं राहिलं.

मी इथवर लिहून उठले होते. दारात कोणी हाक मारली म्हणून पाहिलं तर एक बाई, डोक्यावर गाठोडं, पाय धुळीने भरलेले. म्हणाली, "मास्तराचं घर हेच का जी? आता कसे हायेत मास्तर?"

केशोरीहून आली होती. फुलाबाई नाव. गावात एवढंच ठाऊक होतं की मास्तरांना गोंदियाला नेलं. हलक्या धानाचे नवे तांदूळ तुझ्यासाठी घेऊन निघाली होती. मी तिला आधी आत घेतलं, पाय धुवायला पाणी दिलं, जेवायला वाढलं. उपाशी माणसाला ती बातमी मला देववेना. ती जेवली आणि मग मी सांगितलं. ती रडली नाही. धुतलेले हात पदराला पुसत राहिली, कितीतरी वेळ.

मग म्हणाली, "माह्या पोरीले मास्तरानं शाळेत बसवलं जी. साऱ्या शाळंत एकलीच पोरगी. गाव हासते. म्हनते, धान निंदाले शाळा कायले पाहिजे? मास्तर होते तं मी कोनाचं आयकत नव्हती. आता तिचा बाप म्हनन, मास्तर गेला, काढ पोरीले. मी काय करू, सांगा."

हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. दिवाळीत बसून आपण सोड्यावर भांडत होतो आणि तिकडे तू हे करत होतास.

मी म्हटलं, "काढू नको."

"गाव बोलते जी."

"बोलू दे."

माझ्या तोंडून ते निघून गेलं. तुझ्या वेळी निघालं नव्हतं. ती माझ्याकडे पाहत होती, मी आणखी काही सांगेन म्हणून. तिने मान हलवली, गाठोडं सोडलं आणि विचारलं, "हे तांदूळ कशात ओतू?"

मी डबा आणून तिच्यापुढे धरला.